बाबांची कॅसेट आणि बीथोव्हनची पाचवी : वाजवलीय कुणी?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी, विषय जरा आपल्याकडचा नाहीये पण इथे गाण्यातले दर्दी बरेच आहेत म्हणून टाकतोय, चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

बाबा रेल्वेत होते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या मुंबईच्या एका मित्राने स्वतःच्या एलपीवरून एक कॅसेट भरून दिली होती, बीथोव्हनची पाचवी सिम्फनी (मोठ्या वाद्यवृंदाची चार भागांची रचना). घरात बाकी सगळं भीमसेनजी, माणिक वर्मा, भजनं आणि मधेच हे एक. रविवारी सकाळी दाढी करताना लावायचे. आम्हाला तेव्हा नुसतं ढॅ-ढॅ-ढॅ-ढॅंऽऽ एवढंच कळायचं. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली, परवा माळा आवरताना कॅसेट सापडली आणि त्यांचा टू-इन-वनही, आणि दोन्ही चालू आहेत!

तर प्रश्न असा की कॅसेटवर पेनने "बीथोव्हन ५" आणि पुढे काहीतरी लिहिलंय पण शाई पूर्ण उडालीय. मला तेच रेकॉर्डिंग सीडीवर किंवा चांगल्या आवाजात पाहिजे. यूट्यूबवर सगळे सांगतात तो कार्लोस क्लायबर हा कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारा) ऐकला. चांगला आहे, नाही म्हणत नाही, पण मला तो पळतोय असं वाटलं. आमच्या कॅसेटवरचं जास्त भारदस्त आहे, सावकाश, पाय रोवून. कुणाचं असेल?

मंद्रसप्तक
धागा आवडला. सोलापुरात पाचवीवर धागा निघेल असं वाटलं नव्हतं.

"सावकाश, पाय रोवून" म्हणताय तर माझा पहिला अंदाज ओटो क्लेम्पेरर, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा. भारतात त्याच्या एलपी बऱ्यापैकी फिरायच्या. नाहीतर फुर्टवेंगलर. त्याचं २७ मे १९४७ चं बर्लिनचं रेकॉर्डिंग ऐका एकदा, युद्ध संपल्यावर दोन वर्षं त्याला कंडक्टिंगला बंदीच होती, नाझी राजवटीत जर्मनीत राहून काम केलं म्हणून चौकशी चालली होती, ती सुटल्यावरच्या पहिल्या काही कार्यक्रमांतला हा एक. सुरुवातीचा तो लांब स्वर तो इतका धरून ठेवतो की आपणच श्वास रोखून बसतो. पण वेग एकसारखा नाही त्याचा, मधेच ओढतो मधेच सोडतो.

क्लायबरचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं १९७४ चं रेकॉर्डिंग "पळतंय" म्हणालात ते मात्र माफ करणार नाही :) ते पळत नाही हो, ताणलेलं आहे. दोन्ही वेगळं.

शेंगाचटणी
मी यातली अजिबात नाही पण वाचतेय. एक शंका आहे. सगळ्या नोटा बीथोव्हनने लिहूनच ठेवल्यात ना? मग हा कंडक्टर तो कंडक्टर असं वेगळं काय होतं? आपल्याकडे समजू शकते, एकच बंदिश दोन घराण्यांत वेगळी. इथे तर सगळ्यांसमोर तोच कागद आहे.

मंद्रसप्तक
@शेंगाचटणी ताई, बंदिशीचं उदाहरण सगळेच देतात पण ते फसवं आहे असं माझं मत. बंदिश दोन ओळींची, बाकी अर्धा तास गायकाचा. इथे अर्ध्या तासातला एकही स्वर कंडक्टरचा नाही. त्याच्या हातात उरतं काय तर वेग, कुणाचा आवाज वर कुणाचा खाली, कुठे किती थांबायचं, आणि रिपीट (कागदावर परत वाजवा म्हणून खूण केलेला तुकडा) घ्यायचा की नाही. एवढंसं वाटतं. पण त्या एवढ्याशातच सगळं.

धा_तिरकिट
यावर आमच्या बाजूने एक भर टाकतो. मी तबल्याचा माणूस, सिम्फनी-बिम्फनी फार कळत नाही पण एका विद्यार्थ्याने पाचवीचा छापील कागद दाखवला तेव्हा उडालोच. आपण सगळे ते ढॅ-ढॅ-ढॅ समेवर सुरू होतं असं समजतो. तसं नाहीये! पहिल्या मात्रेला आधी विश्रांती लिहिलीय. म्हणजे सम रिकामी, गप्प, मग तीन स्वर आणि चौथा लांब स्वर पुढच्या समेवर पडतो. (गप्प) त क ट | धाऽऽ. मुखडा घेऊन समेवर यावं तसं आहे ते सरळ सरळ.

आता हे कळल्यावर दहा जणांची रेकॉर्डिंगं ऐकली. काही जण ते तीन स्वर इतके जड करतात की एक-दोन-तीन अशी तिगुन वाटते आणि ती रिकामी सम मरते. क्लायबरकडे ती ऐकू येते. न वाजलेली सम ऐकू येणं म्हणजे काय ते तबलजीला विचारा.

मंद्रसप्तक
@धा_तिरकिट क्या बात. हे मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

अवांतर: त्या पहिल्या चार स्वरांबद्दल "नियती दार ठोठावते" ही जी गोष्ट सगळीकडे छापतात ती बीथोव्हनचा सेक्रेटरी शिंडलर याने सांगितलेली, आणि हा गृहस्थ भरवशाचा नव्हता, बीथोव्हनच्या संवादवह्यांमध्ये (ऐकू येईना तेव्हा लोक त्याच्याशी लिहून बोलायचे त्या) त्याने नंतर स्वतःच्या मनाने नोंदी घुसडल्या हे सिद्ध झालंय. तेव्हा दार वगैरे सोडा.

डबलबास
धागाकर्ते, अंदाज नंतर, आधी आकडे द्या. फोनवर स्टॉपवॉच लावून हे मोजा,
पहिला भाग किती मिनिटं, शेवटचा भाग किती मिनिटं, शेवटच्या भागात सुरुवातीचा विजयी तुकडा पूर्ण दोनदा येतो की पुढे जातो, आणि आवाज स्टीरिओ आहे का म्हणजे व्हायोलिन एका स्पीकरमधून जास्त येतात का.

जुळे_सोलापूरकर
मोजलं काल रात्री. पहिला भाग ७ मिनिटं ४२ सेकंद. शेवटचा ९ मिनिटं २८ सेकंद. स्टीरिओ आहे, व्हायोलिन डावीकडून येतात. दोनदा येतो का ते मला नीट सांगता येईना पण क्लायबरचा लावून ताडून बघितलं तर त्याच्यात परत पहिल्यापासून येतं आणि आमच्यात नाही येत बहुतेक.

एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना ते एकदम बारीक होतं ना, नुसती टिक टिक, ते मला कॅसेटवर ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं टेप खराब झाली. मग लक्षात आलं कूलर चालू आहे.

शेंगाचटणी
😂😂 कूलर! मे महिन्यात सोलापुरात पाश्चात्य संगीत ऐकायचं म्हणजे असंच व्हायचं.

मंद्रसप्तक
हसू नका, हा फार मोठा मुद्दा आहे. पाचवीतली माझ्या मते सगळ्यात थोर जागा तीच. सुरुवातीचं सगळ्या जगाला माहितीय, ते जाहिरातीतसुद्धा वाजतं. पण तिसऱ्यातून चौथ्यात नेणारा हा पूल म्हणजे ५० बारचा आहे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड), व्हायोलिन-चेलो नुसते स्वर धरून बसलेत आणि त्याखाली टिंपनी म्हणजे ते तांब्याचे मोठे नगारे, बोटाने ठोकल्यासारखे एकाच स्वरावर. काही घडत नाही. म्हणजे घडतंय पण दिसत नाही. अगदी शेवटच्या काही बारमध्ये आवाज फुगतो आणि मग सी मेजर फुटतो, आणि तिथे ट्रॉम्बोन, पिकोलो, कॉन्ट्राबासून ही फुंकून वाजवायची वाद्यं पहिल्यांदा तोंड उघडतात. सगळी सिम्फनी गप्प बसलेले असतात बिचारे.

कंडक्टर कसा आहे ते मी या ५० बारवरून ठरवतो. बरेच जण घाबरतात, लवकर आवाज वाढवायला लागतात. मग फुटायला काही उरतच नाही. गेली पंधरा वर्षं मी उन्हाळ्यात पाचवी पहाटे पाचलाच ऐकतो, पंखासुद्धा बंद करून. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय.

दुसरं, ज्यांना फोनवर ऐकायचंय त्यांनी दोन भागांच्या मधे गॅप न पडणारं सेटिंग करा. तिसरा-चौथा सलग आहे, मधे थांबायचं नाही असं बीथोव्हननेच लिहिलंय. एमपीथ्री प्लेअरमध्ये ट्रॅक बदलताना अर्ध्या सेकंदाची उचकी लागते आणि सत्यानाश. यूट्यूबवर तर एकदा ऐन पुलावर मला बनियनची जाहिरात लागली होती.

डबलबास
आकड्यांवर येऊ. स्टीरिओ आहे म्हणजे फुर्टवेंगलर बाद, टॉस्कानिनी बाद, क्लायबरच्या वडिलांचं म्हणजे एरिक क्लायबरचं १९५३ चं अॅमस्टरडॅमचं ते पण बाद, सगळं मोनो. (ते ऐका मात्र. पोराने काय कुठून घेतलं ते कळतं.) शेवटच्या भागात रिपीट नाही म्हणजे कार्लोस क्लायबरही बाद, तो रिपीट घेतो, त्याचा शेवटचा भाग पावणेअकराच्या पुढे जातो. लोक इथेच फसतात, एकूण मिनिटं बघून "अमका फास्ट तमका स्लो" ठरवतात. क्लायबरची एकूण ३३ मिनिटं आणि कारायानच्या १९६२ च्या बर्लिन सेटमधली ३१, म्हणून कारायान वेगवान का? नाही. त्याने शेवटचा रिपीट गाळला एवढंच.

वेगाचा विषय निघालाच आहे तर हे पण. बीथोव्हनने १८१७ मध्ये मेट्रोनोमचे (वेग मोजायच्या यंत्राचे) आकडे छापून दिले. पहिल्या भागाला १०८, म्हणजे मिनिटाला १०८ बार. या भागात ५०२ बार आहेत, पहिल्या १२४ चा रिपीट धरला की ६२६. भागिले १०८ केलं तर ५ मिनिटं ४८ सेकंद. त्यात लांब धरायचे स्वर मिळवा. म्हणजे सहाच्या थोडं पुढे. क्लायबर ७ मिनिटं २२ सेकंद घेतो, म्हणजे धागाकर्त्यांना जो पळतोय वाटला तो बीथोव्हनच्या हिशोबाने निवांत चाललाय! जॉन इलियट गार्डिनर मात्र जवळ जातो, साडेसहाच्या आसपास, त्या काळची वाद्यं, आतड्याच्या तारा, बिनव्हॉल्व्हचे हॉर्न.

तुमचे ७:४२ अडचणीचे आहेत. क्लेम्पेररचं १९५९ चं स्टीरिओ याहून बरंच संथ आहे. कारायान सव्वासातला संपवतो. मधे कोण बसतं बघावं लागेल.

मंद्रसप्तक
क्लेम्पेररचा अंदाज मागे घेतो. आणखी एक खूण सांगतो, पहिल्या भागात दुसरी चाल सुरू व्हायच्या आधी हॉर्नची आरोळी येते ना, ती उत्तरार्धात परत येते तेव्हा बीथोव्हनने हॉर्नला न देता बासूनला (फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य) दिलीय. त्या काळच्या हॉर्नला तो सूर सहज निघायचा नाही आणि नळी बदलायला वेळही नव्हता. पुढे व्हॉल्व्हचे हॉर्न आले आणि विसाव्या शतकात बऱ्याच कंडक्टरनी "गरीब बिचारा बीथोव्हन, त्याला हॉर्नच पाहिजे होता" म्हणून परत हॉर्नला देऊन टाकलं. गार्डिनरवगैरे मंडळी बासूनच ठेवतात. आवाज थोडा केविलवाणा येतो, काहींना हसू येतं, मला आवडतो. तुमच्या कॅसेटवर काय आहे?

जुळे_सोलापूरकर
काका खरं सांगतो, चार वेळा ऐकलं, हॉर्न की बासून की आमच्या शेजारच्यांचा मिक्सर काहीच कळलं नाही. टेपवर तिथे खरखर आहे.

आईला विचारलं. तिला एवढंच आठवतंय की त्या मित्राकडे जेवायला गेलो होतो तेव्हा रेकॉर्डच्या कव्हरवर "डोळे मिटून उभा असलेला, केस मागे वळवलेला गोरा माणूस" होता, तिला वाटलं कुणी बुवा आहे.

मंद्रसप्तक
कारायान!! शंभर टक्के. डोळे मिटून कंडक्ट करायचा तो, फोटोही तसेच काढून घ्यायचा.

डबलबास
पण मग २५ सेकंद जास्त कुठून आले? कारायानची स्टीरिओ रेकॉर्डिंगं इतकी संथ नाहीत.

पूर्वभाग
राम राम. मला ह्यातलं काय कळत नाही, चार दिवस झालं नुसतं वाचायलोय. आमचे माग हायत, टॉवेलचं काम. एक विचारू का बे मालक, तुमच्या त्या टू-इन-वनचा पट्टा कधी बदललाय?

आमच्यात माग मंद पडला की जॉबर आधी पट्टा बघतो. मोटर तेवढीच फिरती, पट्टा ढिला झाला की घसरतो आन् धोटा सावकाश जातो. आवाजावरनंच कळतं, मागाच्या शेडमधी झोपलेल्या माणसाला पण कळतं. टेपमधी पण रबरचा पट्टाच असतो की. माळ्यावर पत्र्याखाली इतकी वर्षं पडलाय, आपल्या इथलं ऊन काय साधं हाय का, रबर सैल पडलं असणार. तुमचा तो कारायान सावकाश वाजवत नसंल, तुमचा टेप सावकाश वाजवायलाय.

डबलबास
🙏🙏 दंडवत. मी तीन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय आणि हे सुचलं नाही.

धा_तिरकिट
अरे हे तर दोन मिनिटांत तपासता येतं! टेप सावकाश फिरला तर वेग कमी होतो तसा सूरही उतरतो. @जुळे_सोलापूरकर, घरात पेटी आहे का? पाचवीचा पहिला स्वर जी, म्हणजे पांढरी पाच. तुमच्या कॅसेटचा पहिला ढॅ पेटीवर लावून बघा कुठे पडतो.

जुळे_सोलापूरकर
पेटी नाही पण मुलीच्या फोनमध्ये तानपुऱ्याचं अॅप आहे त्यावर लावलं. पांढरी पाचला लागतच नाही. काळी तीनला बरोबर बसतो.

बाबांची भजनाची एक विकतची कॅसेट लावली, ती पण उतरलेली, फोनवरच्या त्याच भजनापेक्षा अर्धा सूर खाली.

धा_तिरकिट
झालं की मग. काळी तीन म्हणजे अर्धा सूर उतरला, वेग साधारण ६ टक्के कमी. बर्लिनवाले सूर थोडा चढाच लावतात त्यामुळे कदाचित सहापेक्षा किंचित जास्तच, पण ते सोडा.

डबलबास
७:४२ ला सहा टक्क्यांनी दुरुस्त केलं की ७:१६. शेवटचा ९:२८ चा होतो ८:५६. कारायान, बर्लिन फिलहार्मोनिक, १९६२ च्या रेकॉर्डिंगला दोन्ही आकडे बसतात. १९७७ चंही एक आहे त्याचं, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून ऐका, पण माझं मत १९६२. बर्लिनच्या येशू ख्रिस्त चर्चमध्ये केलेलं आहे, त्या जागेचा घुमारा कॅसेटवरसुद्धा थोडा कळायला पाहिजे.

शेंगाचटणी
थांबा थांबा. म्हणजे धागाकर्त्यांना जे "भारदस्त" वाटत होतं ते कारायानचं पण नाही आणि बीथोव्हनचं पण नाही, ते ढिल्या पट्ट्याचं?

पूर्वभाग
होय की ताई.

मंद्रसप्तक
आता हसू येतंय पण यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९१३ चं आर्थर निकिशचं बर्लिनचं रेकॉर्डिंग आहे, पूर्ण पाचवीच्या अगदी पहिल्या रेकॉर्डिंगांपैकी. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, एका भोंग्यासमोर जमतील तेवढे वादक दाटीने बसवून केलेलं. त्या तबकड्या नक्की कुठल्या वेगाने फिरवायच्या यावर अजून वाद आहे आणि आपण त्यावरून निकिशचा वेग ठरवतो. तेव्हा पट्ट्याचा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही.

जुळे_सोलापूरकर
मंडळी, उशिरा अपडेट देतोय, मधे गावाला गेलो होतो.

कारायान १९६२ ऐकलं, हेडफोन लावून, पहाटे, कूलर बंद (@मंद्रसप्तक काका तुमचं ऐकलं, घामाने निथळलो पण ती टिक टिक ऐकली, अंगावर काटा आला). तेच आहे यात शंका नाही. दुसऱ्या भागात एका ठिकाणी बाबा मान डोलवायचे ती जागा बरोबर तशीच आली. फक्त सगळं थोडं चढं आणि थोडं घाईचं. १९७७ चं पण ऐकलं, ते आमचं नव्हे.

नवी पेठेत एका दुकानात टू-इन-वन दुरुस्तीला दिला. पट्टा खरंच सैल होता, हेड पण साफ करून दिलं. घरी आणून कॅसेट लावली, आता सूर पांढरी पाचला येतोय, मिनिटं पण जुळतात. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय लावलंस? बाबांचं असं नव्हतं."

धा_तिरकिट
बापरे.

म्हणजे पट्टा तेव्हापासूनच ढिला होता.

जुळे_सोलापूरकर
हो, तेच लक्षात आलं. मी समजत होतो माळ्यावर पडून सैल झाला. ते दाढी करत ऐकायचे तेव्हाच तो काळी तीनमध्ये वाजत होता.

डबलबास
फोनवर स्पीड बदलायचं अॅप मिळतं. १९६२ ची फाइल घ्या, वेग आणि सूर दोन्ही ६ टक्क्यांनी उतरवा, आईंना हवं ते मिळेल आणि खरखर पण नाही.

जुळे_सोलापूरकर
केलं काल. आई ऐकत बसली पूर्ण अर्धा तास. दुसऱ्या भागानंतर विचारलं, बाजू नाही बदलायची का?

पूर्वभाग
मालक पट्टा कितीला बसला? आमच्या आज्जीचा पण एक टेप पडून हाय.

जुळे_सोलापूरकर
पट्टा ८०, मजुरी धरून २५०. दुकान व्यक्तिगत निरोपात कळवतो.